हेडफोन व कर्णांतर्गत इअरफोन

विद्युत् संदेशाचे ध्वनीत रूपांतर करून तो एकाच श्रोत्याच्या कानांपर्यंत पोहोचविणाऱ्या साधनांचे हे दोन प्रमुख प्रकार होत. हेडफोनमध्ये ध्वनी निर्माण करणारा घटक डोक्यावरून जाणाऱ्या पट्टीच्या टोकांना बसविलेल्या वाट्यांत असतो आणि या वाट्या कानांवर टेकतात किंवा संपूर्ण कान झाकतात. कर्णांतर्गत इअरफोन कर्णनालाच्या, म्हणजे बाहेरून कानाच्या पडद्यापर्यंत जाणाऱ्या नळीच्या, तोंडात बसतो आणि रबराच्या, स्पंजाच्या किंवा कानाच्या साच्यावरून घडविलेल्या बोंडाने ती नळी बाहेरच्या हवेपासून बंद होते. रंगमंचावरील गायक-वादक स्वतःचे गायन-वादन ऐकण्यासाठी या दुसऱ्या प्रकाराचा उपयोग करतात, तेव्हा त्याला ‘इन-इअर मॉनिटर’ म्हणतात. पुढे हेच नाव घरगुती वापराच्या उत्तम प्रतीच्या इअरफोनांनाही रूढ झाले. कर्णनाल बंद न करता कानाच्या खोबणीत नुसती अडकविली जाणारी हलकी साधने या दोहोंहून निराळी असून त्यांचा येथे ओघाने उल्लेख केला आहे.

या दोन प्रकारांपैकी कोणत्याने संगीत अधिक यथार्थ ऐकू येते, हा प्रश्न श्रोते, ध्वनिमुद्रणकार व श्रवणशास्त्रज्ञ अनेक वर्षे विचारीत आले आहेत. हेडफोन मोठा म्हणून तो श्रेष्ठ आणि कानात बसणारा इअरफोन ही सोयीसाठी केलेली तडजोड, असा सर्वसाधारण समज आहे. दोन्ही साधनांचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. दोन्हींचा उगम एकच असून त्यांतील भेद आकारापेक्षा कानाशी असलेल्या संबंधाचा आहे. हेडफोन श्रोत्याच्या स्वतःच्या कानाचा उपयोग करून घेतो, तर इअरफोन त्याचा बराचसा भाग वगळतो व वगळलेल्या भागाची भरपाई स्वतः करू पाहतो. ही भरपाई कशी करावी, हे कळावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

प्रारंभीचा काळ : १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनचे एकस्व मिळविल्यानंतर थोड्याच वर्षांत टेलिफोन केंद्रांत काम करणाऱ्यांना दोन्ही हात मोकळे ठेवून ऐकण्याची गरज भासू लागली. तथापि केवळ ऐकण्याच्या आनंदासाठी कानाला लावावयाच्या साधनाचा पहिला मोठा प्रयोग पॅरिस येथे झाला. तेथील १८८१ च्या आंतरराष्ट्रीय विद्युत् प्रदर्शनात क्लेमाँ आदेर (१८४१–१९२५) यांनी ऑपेरागृहाच्या रंगमंचावर मायक्रोफोनांची रांग मांडून तेथील गायन तारांवाटे प्रदर्शनाच्या जागी आणले. प्रत्येक श्रोत्याला दोन श्रवणिका दिलेल्या असत व त्या रंगमंचाच्या दोन निरनिराळ्या बाजूंच्या मायक्रोफोनांना जोडलेल्या असत. त्यामुळे गायक रंगमंचावर एका बाजूकडून दुसरीकडे चालत गेल्याचे न पाहताही कळे. द्विकर्णी श्रवणाचा हा पहिला सार्वजनिक अनुभव होय. आदेर यांच्या या योजनेतून ‘तेआत्रोफोन’ ही वर्गणीदारांना घरबसल्या नाटक व संगीत ऐकविणारी सेवा १८९० मध्ये सुरू झाली आणि १९३२ पर्यंत चालली. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हे तिच्या वर्गणीदारांपैकी एक होते. लंडनमध्येही १८९५ पासून याच धर्तीची सेवा होती. तेथील श्रवणिका हनुवटीखालून दोन्ही कानांकडे जाणाऱ्या, स्टेथॉस्कोपसारख्या दांड्यांवर बसविलेल्या असत.

या सर्व श्रवणिका हाती धरावयाच्या किंवा जड असत. त्या कानात बसाव्यात ही कल्पना फ्रेंच अभियंता एर्नेस्त मेर्कादिए यांची. त्यांच्या ‘द्वि-टेलिफोन’ नावाच्या साधनाला १८९१ मध्ये अमेरिकेचे एकस्व मिळाले. त्याचे वजन सु. ५० ग्रॅमपेक्षा कमी असून कानात जाणाऱ्या टोकांना रबराचे आवरण होते. हे आवरण कानाला घर्षण होऊ नये व बाहेरचा आवाज आत येऊ नये, अशा दोन्ही हेतूंनी योजले होते. म्हणजे आजच्या कर्णांतर्गत इअरफोनची दोन्ही मुख्य लक्षणे, हलकेपणा आणि कर्णनाल बंद करणे, या साधनात आलेली होती. कानावर बसणाऱ्या आधुनिक हेडफोनपेक्षा कानात बसणारे साधन अशा रीतीने जवळजवळ वीस वर्षांनी वडील ठरते. ध्वनीची प्रत मात्र टेलिफोनचीच होती. लोखंडी पटल व विद्युत् चुंबक यांच्या जोडीला संभाषणापुरत्या मधल्या पट्टीपलीकडचे फारसे काही उमटविता येत नसे. मृदंगाचा खर्ज किंवा झांजेचा झणत्कार तीतून ऐकू येण्याची शक्यता नव्हती.

बॉल्डविन यांचा हेडफोन : आधुनिक हेडफोनचे जनकत्व सामान्यतः अमेरिकेतील यूटा राज्याचे रहिवासी नॅथॅनियल बॉल्डविन (१८७८–१९६१) यांना दिले जाते. त्यांनी १९१० मध्ये आपल्या श्रवणिकांची एक जोडी चाचणीसाठी अमेरिकन नौदलाकडे पाठविली. बिनतारी संदेशांचे क्षीण ध्वनी ऐकण्यास ती उपलब्ध साधनांहून कितीतरी अधिक संवेदनशील आढळली आणि नौदलाने मागणी नोंदविली. बॉल्डविन हे काम घरच्या स्वयंपाकघरात करीत असल्यामुळे एका वेळी थोड्याच जोड्या तयार होत.

या श्रवणिकेची रचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण कर्णांतर्गत इअरफोनचे बीज तीत आहे. सामान्य टेलिफोनमध्ये विद्युत् चुंबक सरळ लोखंडी पटलच ओढतो. हे पटल जड असते व कायमच्या चुंबकाकडे सतत ओढलेले राहते, त्यामुळे त्याची हालचाल दोन्ही दिशांना सारखी होत नाही. बॉल्डविन यांनी लोखंडाची एक लहान पट्टी (आर्मेचर) चुंबकाच्या ध्रुवांमध्ये मध्यावर तोलून धरली, तिच्याभोवती तारेचे वेटोळे बसविले आणि तिची हालचाल एका बारीक काडीने अभ्रकाच्या हलक्या पटलाला दिली. विद्युत् प्रवाह नसताना पट्टीवर दोन्ही बाजूंचा ओढा सारखा असल्याने ती अत्यल्प शक्तीनेही हलते. या ‘संतुलित आर्मेचर’ पद्धतीत ऊर्जा फार थोडी लागते व यंत्रणा लहान करता येते. पहिल्या गुणाचा उपयोग बॉल्डविन यांना झाला, दुसऱ्याचा उपयोग पुढच्या पिढीने केला.

१९२० नंतरच्या दशकात घरोघरी आलेल्या स्फटिक-रेडिओंना विवर्धक नसे. त्यामुळे ऐकण्यासाठी हेडफोन हाच मार्ग होता. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचे प्रसारण सुरू झाले, तेव्हा शहरात व जवळपास राहणाऱ्यांना अशाच साध्या ग्राहीवर ते ऐकता येत असे. निर्वात नलिकांचे विवर्धक आणि १९२५ च्या सुमारास सिद्ध झालेला चल वेटोळ्याचा लाउडस्पीकर यांनी लवकरच संपूर्ण कुटुंबाला एकत्र ऐकण्याची सोय केली आणि हेडफोन बिनतारी यंत्रचालक, वैमानिक व प्रयोगशाळा यांच्यापुरता उरला.

दोन वाटा : लाउडस्पीकरमधील चल वेटोळे परत हेडफोनमध्ये आणण्याचे श्रेय बर्लिनच्या बायर कारखान्याकडे जाते. त्याचा ‘डीटी ४८’ हा १९३७ मधील हेडफोन या पद्धतीचा पहिला होय. यात पातळ पटलाला चिकटविलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या फटीत पुढेमागे होते. पटलात लोखंड नसल्याने ते हलके असते, त्याची हालचाल अधिक सरळ प्रमाणात होते व खालच्या आणि वरच्या स्वरांची मर्यादा बरीच वाढते. हा हेडफोन ध्वनिमुद्रण-गृहांत तसेच श्रवणशक्तीच्या तपासणीत वापरला गेला. त्याचे उत्पादन २०१२ पर्यंत चालू होते. इलेक्ट्रॉनिक साधनांच्या क्षेत्रात एवढे दीर्घायुष्य अपवादात्मकच म्हटले पाहिजे.

संतुलित आर्मेचरने निराळी वाट धरली. शिकागोच्या परिसरात ह्यू नोल्झ यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या कारखान्याने श्रवणयंत्रांसाठी अतिशय छोटे मायक्रोफोन व श्रवणिका बनविण्यास आरंभ केला. ट्रान्झिस्टरच्या आगमनानंतर श्रवणयंत्र खिशातून चष्म्याच्या दांडीत, तेथून कानामागे व अखेरीस कानात गेले. त्यासोबत बॉल्डविन यांची तोललेली पट्टी तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या धातूच्या डबीत सामावली गेली. बहिऱ्या माणसाला बोलणे कळावे, एवढेच त्या डबीकडून अपेक्षित होते. तिने कोणी पियानो ऐकेल, अशी कल्पना या काळात फारशी कोणाच्या मनात आली नाही.

संगीत ऐकणाऱ्यांचे लक्ष मोठ्या हेडफोनकडे वळण्यास १९५८ हे वर्ष कारणीभूत ठरले. त्या वर्षी द्विमार्गी (स्टिरिओ) ध्वनिमुद्रिका बाजारात स्थिरावू लागल्या आणि मिलवॉकी येथील ध्वनियंत्रांच्या प्रदर्शनात जॉन कॉस (१९३०–२०२१) यांनी ‘एसपी/३’ हा हेडफोन मांडला. प्रत्यक्षात कॉस व त्यांचे सहकारी मार्टिन लँग एक उचलून नेता येईल असा फोनोग्राफ विकावयास आले होते. हेडफोन ही त्याची जोड होती. लोकांनी फोनोग्राफ बाजूला ठेवून हेडफोनसाठी गर्दी केली. डाव्या कानाला डावी व उजव्याला उजवी बाजू स्वतंत्रपणे मिळाल्याने स्टिरिओ ध्वनीचा जो परिणाम होत होता, तो आदेर यांच्या श्रोत्यांनी ७७ वर्षांपूर्वी अनुभवलेल्याच जातीचा होता.

यानंतरची वीस वर्षे हेडफोनच्या उत्कर्षाची आहेत. जपानमधील स्टॅक्स या संस्थेने १९६० मध्ये स्थिर विद्युत् तत्त्वावरील हेडफोन आणला. त्यात सच्छिद्र धातुपट्ट्यांच्या मध्ये ताणलेले अतिशय पातळ प्लॅस्टिकचे पटल उच्च विद्युत् दाबाच्या साहाय्याने संपूर्ण पृष्ठभागावर सारखे हलते. पश्चिम जर्मनीतील सेनहायझरच्या ‘एचडी ४१४’ (१९६८) ने वेगळाच धडा घालून दिला. तोपर्यंत कान घट्ट झाकल्याशिवाय खर्ज मिळत नाही असे मानले जाई व त्यासाठी वाट्यांना जड गाद्या असत. या हेडफोनची वाटी मागून उघडी होती आणि कानावर फक्त सच्छिद्र स्पंज टेकत असे. आतील हवा कोंडली न गेल्याने ध्वनीला डबीत बोलल्यासारखा पोकळपणा येत नसे व तासन्‌तास ऐकले तरी कान तापत नसत. या हेडफोनचे एक कोटीहून अधिक नग विकले गेले. उघड्या रचनेचे मोल असे की, बाहेरचा प्रत्येक आवाज आत येतो आणि आतले संगीत शेजाऱ्यालाही ऐकू जाते. जेथे शांतता आधीच आहे, तेथेच ही रचना आपले गुण दाखविते, हे तिच्या स्तुतीत पुष्कळदा विसरले जाते.

१ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये आणलेल्या वॉकमनने ऐकण्याची जागाच बदलली. सु. ५० ग्रॅम वजनाचा त्याचा हेडफोन रस्त्यावर, आगगाडीत व शाळेच्या वाटेवर गेला. १९८२ पासून सोनीने कानाच्या खोबणीत अडकणारी साधनेही विकण्यास सुरुवात केली. कर्णनाल बंद होत नसल्याने त्यांत खर्ज कमी पडे व बाहेरचा गोंगाट मिसळे. कानातल्या साधनाचा आवाज म्हणजे पातळ व किरटा आवाज, हा ग्रह या साधनांमुळेच दृढ झाला असावा.

कानाचे कार्य व त्याची भरपाई : येथे कानाच्या रचनेचा थोडा विचार आवश्यक आहे. खोलीतील ध्वनी कानाच्या पडद्यावर पोहोचण्यापूर्वी डोके, खांदे, कर्णपाली व कर्णनाल यांच्यामुळे बदलतो. कर्णनाल ही सु. २५ मिमी. लांबीची, एका टोकाला पडद्याने बंद असलेली नळी आहे. बासरीत जसे हवेच्या स्तंभाचे अनुस्पंदन होते, तसे या नळीत सेकंदाला सु. ३,००० कंपनांच्या आसपास होते. कर्णपालीच्या खोलगट भागाची त्यात भर पडून या पट्टीतील ध्वनी पडद्यापाशी दहा-पंधरा डेसिबेलने, कधी त्याहूनही अधिक, वाढतो. प्रत्येक माणूस जन्मापासून हाच बदललेला ध्वनी ऐकत असल्याने त्याला तो नैसर्गिक वाटतो. म्हणून पडद्यापाशी सर्व कंप्रतांना अगदी सारखी पातळी देणारा इअरफोन बनविला, तर तो कागदावर निर्दोष दिसेल आणि कानाला मंद व दूरचा वाटेल.

संपूर्ण कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये कर्णनाल उघडा राहतो. त्याचे अनुस्पंदन बऱ्याच अंशी कायम राहते व कर्णपालीही, एकाच बाजूने का होईना, ध्वनीला स्पर्श करते. श्रोत्याच्या कानाची घडण कशीही असली, तरी तिचा काही अंश आपोआप हिशेबात येतो. मोठ्या हेडफोनचे खरे बलस्थान हे आहे. पटलाचा आकार हे त्यामानाने दुय्यम कारण होय. इअरफोन कर्णनालात बसला की नळीचे उघडे तोंड बंद होते, तिचे मूळचे अनुस्पंदन नाहीसे होते आणि त्याऐवजी बरेच वरच्या कंप्रतेचे दुसरे अनुस्पंदन निर्माण होते. त्याची जागा बोंड किती खोल बसले यावर अवलंबून असते. जे गेले ते इअरफोनने स्वतःच्या रचनेतून परत द्यावयाचे असते आणि ते सरासरी कानाला अनुसरूनच देता येते. ज्याचा कान या सरासरीपासून दूर आहे, त्याला एखादा नामांकित इअरफोनही कर्कश वाटू शकतो. अशा वेळी दोष श्रोत्याच्या अभिरुचीचा नसतो.

खर्जाच्या बाबतीत चित्र नेमके उलटे आहे. पूर्ण बंद केलेल्या कर्णनालात उरणारी हवा एक-दोन घन सेंमी. एवढीच असते. तिच्यातील दाब बदलण्यास पटलाची सूक्ष्म हालचाल पुरते व ऐकू येणाऱ्या सर्वांत खालच्या स्वरापर्यंत प्रतिसाद सपाट राहू शकतो. मोठ्या पटलाच्या, परंतु उघड्या रचनेच्या अनेक हेडफोनांत याच पट्टीत ध्वनी उतरू लागतो. मात्र बोंड व कातडी यांच्यात केसाएवढी फट राहिली, तरी इअरफोनचा खर्ज निघून जातो. बंद हेडफोनमध्येही चष्म्याच्या दांडीमुळे किंवा केसांमुळे असेच घडते. बाजारात ऐकून नापसंत ठरविलेले कित्येक इअरफोन केवळ चुकीच्या मापाच्या बोंडांमुळे बाद झालेले असतात.

ही भरपाई मोजून करता येण्यासाठी मोजण्याचे साधन हवे होते. नोल्झ यांच्या संस्थेत १९७२ मध्ये ‘केमार’ नावाचा पुतळा तयार करण्यात आला. त्याचे डोके, धड व कान प्रौढ माणसाच्या सरासरी मापांचे असून पडद्याच्या जागी मायक्रोफोन असतो. हा पुतळा श्रवणयंत्रांसाठी होता, पण खोलीतील ध्वनी पडद्यापाशी नेमका कसा पोहोचतो, हे त्यामुळे आकड्यांत सांगता येऊ लागले. त्याच संस्थेत अनेक वर्षे काम केलेले श्रवणशास्त्रज्ञ मीड किलियन यांनी १९८३ मध्ये एटिमोटिक रिसर्च ही संस्था काढली. प्रथम तपासणीच्या कामाचे इअरफोन तयार केल्यावर तिने १९९१ मध्ये ‘ईआर-४’ हा संगीतासाठी बनविलेला इअरफोन बाजारात आणला. त्याच्या प्रत्येक बाजूला श्रवणयंत्राच्या जातीचे एकच संतुलित आर्मेचर होते आणि तीन थरांचे रबरी बोंड कर्णनालात खोलवर बसून बाहेरचा आवाज सु. ३० ते ३५ डेसिबेलने कमी करी. सरासरी कानाने उघड्यावर जे ऐकले असते, तेच पडद्यापाशी उमटावे, हे त्याचे उद्दिष्ट होते.

योगायोग असा की, त्याच १९९१ साली सेनहायझरने ‘ऑर्फेउस’ हा स्थिर विद्युत् तत्त्वावरील हेडफोन निर्वात नलिकांच्या विवर्धकासह काढला. त्याचे सु. ३०० संचच बनविण्यात आले व ध्वनितज्ञांनी त्याला हेडफोनकलेचा कळस मानले. एकीकडे घरात एका जागी बसून ऐकावयाचे, कपाटाएवढी जागा व्यापणारे साधन, तर दुसरीकडे मुठीत मावणारी बॉल्डविन यांची पट्टी, असे दोन टोकांचे प्रयत्न एकाच ध्येयाने एकाच वर्षी पूर्णत्वास गेले.

रंगमंचावरील उपयोग : इन-इअर मॉनिटरचा प्रसार मात्र घरगुती श्रोत्यांमुळे झाला नाही. मोठ्या मंचावर गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्यापुढे तिरपे लाउडस्पीकर ठेवीत. ड्रम व विद्युत् गिटार यांच्या गोंगाटावर मात करण्यासाठी त्यांची पातळी वाढवीत न्यावी लागे. मग तो आवाज मायक्रोफोनात शिरून शिट्टी वाजे आणि वादकांचे कान कायमचे अधू होत. १९८० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये बिनतारी ग्राही व कानातील श्रवणिका यांचे संच मंचावर वापरले जाऊ लागले. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाच्या दौऱ्यात तेथील ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्यावरून घडविलेले व खालच्या-वरच्या स्वरांना वेगवेगळे घटक असलेले इअरफोन तयार केले. त्यांतूनच अल्टिमेट इअर्स ही संस्था उभी राहिली. एका बाजूला दोन, चार, पुढे दहाहूनही अधिक आर्मेचर कोंबण्याची जी स्पर्धा नंतर चालली, तिचा उगम येथे आहे. घटकांची संख्या वाढली की प्रत वाढते, असे मात्र नाही. निरनिराळ्या घटकांचे स्वर जेथे जुळतात, तेथे वेळेचा व पातळीचा मेळ बिघडण्याचा धोकाही वाढतो.

गायकांना या साधनाची एक अडचण जाणवते. कान बंद झाल्यावर हाडांतून आलेला स्वतःचा आवाज कर्णनालात कोंडतो व घुमू लागतो. कानात बोट घालून गुणगुणल्यास हे कोणालाही कळते. इअरफोन कर्णनालाच्या आतील हाडाच्या भागापर्यंत नेल्यास घुमणे पुष्कळ कमी होते, परंतु इतक्या खोल बसलेले साधन सर्वांना सोसत नाही. दुसरी तक्रार एकटेपणाची आहे. श्रोत्यांची दाद ऐकू येईना, तेव्हा अनेक कलावंत एक कान मोकळा करू लागले. हा उपाय घातक आहे, कारण उघडा कान गोंगाट सोसतो आणि झाकलेल्या कानातील पातळी त्याच्या बरोबरीला आणली जाते. यावर सभागृहाकडे तोंड केलेले मायक्रोफोन लावून श्रोत्यांचा आवाज संगीतात मिसळण्याची पद्धत पडली.

निवडीचा विचार : २००१ नंतर खिशातील अंकीय वादित्रे व त्यांमागून भ्रमणध्वनी आल्यावर इअरफोन हेच बहुसंख्यांचे मुख्य श्रवणसाधन झाले. २०१६ पासून बिनतारी इअरफोनांची लाट आली. या काळात अभ्यासाची पद्धतही सुधारली. हार्मन या संस्थेतील शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनी २०१२ च्या सुमारास सुरू केलेल्या प्रयोगांत श्रोत्यांना साधनाचे नाव व रूप न कळू देता ध्वनीची पसंती विचारली. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या लाउडस्पीकरांसारखा प्रतिसाद बहुतेकांना आवडतो, असे आढळले. कर्णांतर्गत इअरफोनमध्ये मात्र लोकांना हेडफोनपेक्षा काहीसा जास्त खर्ज हवा असतो. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी कान झाकणारे, कानावर टेकणारे व कानात बसणारे असे २८३ हेडफोन-इअरफोन मोजले. कंप्रता-प्रतिसाद व किंमत यांत त्यांना संबंध आढळला नाही. ग्राहकाने हे ध्यानात ठेवल्यास त्याचा पैसा तरी वाचेल.

ध्वनीच्या प्रतीचा प्रश्न यानंतर मुख्यतः ऐकण्याच्या जागेचा प्रश्न होतो. शांत खोलीत बसून शास्त्रीय गायन किंवा वाद्यवृंद ऐकणाऱ्याला उघड्या रचनेचा मोठा हेडफोन अधिक मोकळा वाटतो. संगीत डोक्याच्या आत भरल्याची भावना दोन्ही प्रकारांत येते, परंतु कर्णपाली मोकळी असल्याने ती येथे काहीशी सौम्य असते. तोच हेडफोन आगगाडीत निरुपयोगी आहे. डब्यातील गोंगाट ८० डेसिबेल धरल्यास संगीत कळण्यासाठी ते त्याच्याही वर न्यावे लागते. तानपुऱ्याचा सूक्ष्म झंकार तरीही बुडालेलाच राहतो. नीट बसलेला इअरफोन हा गोंगाट २५ डेसिबेलने कमी करीत असेल, तर कानापाशी ५५ डेसिबेल उरतात आणि संगीत ६५–७० वर ठेवले तरी तंबोऱ्याच्या तारा वेगळ्या कळतात. अशा ठिकाणी स्वस्तातला इअरफोन महागड्या उघड्या हेडफोनपेक्षा अधिक यथार्थ ठरतो, हे विधान अतिशयोक्तीचे नाही.

गोंगाट इलेक्ट्रॉनिक रीतीने पुसण्याचा मार्ग हा तिसरा पर्याय आहे. उलट्या कलेचा ध्वनी निर्माण करून मूळ ध्वनी नाहीसा करण्याच्या कल्पनेचे अमेरिकन एकस्व पाउल ल्यूग यांना १९३६ मध्येच मिळाले होते. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका क्रांतिकारकाचे पुत्र अमर बोस (१९२९–२०१३) यांनी १९७८ मधील एका विमानप्रवासात हेडफोनातील संगीत इंजिनांच्या घरघरीत हरवल्याचे अनुभवल्यावर या कल्पनेवर काम सुरू केले. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी व २००० मध्ये सर्वसामान्यांसाठी त्यांच्या संस्थेचे हेडफोन आले. ही पद्धत इंजिनासारख्या खालच्या व संथ आवाजावर परिणामकारक आहे. बोलण्याचा किंवा भांड्यांचा आवाज अडविण्यास अजूनही वाटी किंवा बोंडच लागते.

प्रतीइतकाच गंभीर भाग श्रवणशक्तीचा आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ मध्ये ठरविलेल्या मानकानुसार प्रौढाने आठवड्याला ८० डेसिबेल पातळीवर ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. लहान मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबेल आहे. पातळी दर ३ डेसिबेलने वाढली की मुदत निम्मी होते. म्हणून ८३ वर ती २० तास, ८६ वर १० तास व ८९ वर अवघी ५ तास उरते. कानात बसणारे साधन पडद्याच्या जवळ असते म्हणून अधिक घातक, असा एक समज प्रचलित आहे. पडद्यापाशी पोहोचणारी पातळी व काळ हीच नुकसानाची कारणे असून ती कोठून आली याला महत्त्व नाही. बाहेरचा आवाज अडविणारा इअरफोन कमी पातळीवर ऐकता येतो, पण तो तसा ऐकला पाहिजे. मंचावर मॉनिटर वापरूनही कान गमावणारे वादक आहेतच.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अ‍ॅपलच्या एका बिनतारी कर्णांतर्गत इअरफोनला, त्यातील संगणकीय आज्ञावलीच्या आधारे, सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी प्रौढांना वैद्याच्या चिठ्ठीशिवाय वापरता येणारे श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली. श्रवणयंत्रातील डबी १९९१ मध्ये संगीताकडे आली होती. येथे संगीताचे साधन श्रवणयंत्राकडे परत गेले.